विपश्यना शिबिर: जेवण उत्तम, सातवी रात्र वाईट

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा तारा एकट्या ताकाचा आहे, हे आधीच सांगून टाकते.

मी मार्केट यार्डात एका कांदा-बटाट्याच्या आडत्याकडे हिशेब लिहिते. एकवीस वर्षं झाली. शेतकऱ्यांच्या पट्ट्या म्हणजे विक्रीच्या हिशेबाचे कागद, हमाली, तोलाई म्हणजे वजन करण्याचे पैसे, व्यापाऱ्यांची उधारी, सगळं माझ्या हाताखालून जातं. त्यामुळे कुठलीही गोष्ट समोर आली की मी आधी पावती बघते. दहा दिवसांचं राहणं, खाणं, गादी, गरम पाणी, वर ध्यानाची शिकवणी, आणि फी शून्य, असं कुणी म्हटलं की माझ्यासारखीला पहिल्यांदा संशयच येतो.

केंद्राचं नाव लिहिणार नाही. पुण्यात आणि पुण्याच्या आजूबाजूला जी आहेत त्यांतलं एक. पुढे मी दोन-तीन तक्रारी करणार आहे, आणि ज्यांचं दहा दिवस फुकट खाल्लं त्यांना नाव घेऊन बोल लावणं मला जमत नाही. शिवाय त्या तक्रारींत निम्मी चूक माझी आहे.

जाण्याचं कारण झोप. सासूबाईंच्या आजारपणात दोन वर्षं रात्री तीनला उठायची सवय लागली. त्या गेल्या, सवय राहिली. चिंचवडची नणंद दोनदा शिबिराला जाऊन आलेली. ती म्हणाली, "वहिनी, तू एकदा जाच, सगळा गाळ निघून जाईल." आमचे हे म्हणाले, "दहा दिवस तू बोलणार नाहीस? हे मला बघायला मिळायला हवं होतं." शेठ म्हणाले, "कांद्याची आवक काही थांबणार नाही, कधीही जा." डिसेंबरात गेले.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि तो चांगला सविस्तर आहे. आजार कोणते, औषधं कोणती, व्यसन आहे का, आधी कुठली साधना केली आहे का. त्यात एक प्रश्न मानसिक त्रासाबद्दल, आत्ताच्या आणि पूर्वीच्याही. मी "नाही" लिहिलं. खरं तर आठ वर्षांपूर्वी मी सहा महिने गोळ्या घेतल्या होत्या. लिफ्टमध्ये जीव घाबरा व्हायचा, छातीत धडधड व्हायची. मग बरं वाटलं, गोळ्या बंद झाल्या. मला वाटलं, बंद झालेलं खातं, उगाच कशाला उकरा. नणंदही म्हणाली, "ते लिहिलंस तर घेणार नाहीत." दुसऱ्याच्या पट्टीत चार रुपयांचा फरक निघाला तर मी सगळ्या गाळ्याला जागं ठेवते, आणि स्वतःच्या अर्जात ही एवढी मोठी नोंद गाळली.

पहिल्या संध्याकाळी मोबाइल, पर्स, वही, पेन, सगळं एका पिशवीत घालून जमा करून घेतात. पेन देताना मला जास्त जड गेलं. वाचायचं नाही, लिहायचं नाही, बोलायचं नाही, खाणाखुणा करायच्या नाहीत, एकमेकींच्या डोळ्यांत बघायचंही नाही. याला आर्य मौन म्हणतात. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. माझ्या खोलीत आणखी एक जण होती. दहा दिवस मी तिला तिच्या निळ्या चपलांवरून आणि घोरण्यावरून ओळखत होते. नाव, गाव, नोकरी काही माहीत नाही, पण ती कुशीवर वळली की घोरणं थांबतं हे मला पाठ झालं होतं.

पहाटे चारला घंटा. साडेचार ते साडेसहा बैठक, मग नाष्टा. आठ ते नऊ सगळ्यांनी एकत्र, नऊ ते अकरा परत, अकराला जेवण. बारा ते एक विश्रांती, कुणाला शंका असेल तर त्या वेळात सहायक आचार्यांना भेटायचं. एक ते पाच बैठका. पाचला चहा, सहा ते सात बैठक, सातला प्रवचन, मग पुन्हा थोडं बसणं, साडेनऊला दिवे बंद. बेरीज केली तर रोजचे दहा तासांच्या वर डोळे मिटून बसणं होतं. चारला उठण्याचं इतर बायकांना फार वाटत होतं. मला नाही. मार्केट यार्डात त्या वेळेला गाड्या खाली होत असतात.

जेवणाबद्दल मनापासून लिहिते. सकाळी पोहे, उपमा, एकदा गोडाचा शिरा, एकदा दलियाची खिचडी. दुपारी पोळ्या, एक पालेभाजी, एक उसळ, वरणभात, आणि पिंपातलं ताक. त्या ताकाला जिरं आणि किंचित हिंग लावलेला असायचा. दुपारी दीडच्या बैठकीत झोप येते म्हणून मी रोज ठरवायचे की आज एकच पेला, आणि रोज दोन प्यायचे. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना चहा, कुरमुरे आणि एखादं केळं मिळतं. जुन्या साधकांना, म्हणजे आधी शिबिर केलेल्यांना, तेही नाही, त्यांनी दुपारी बारानंतर काही खायचं नसतं. पहिले दोन दिवस कुरमुऱ्यांकडे बघून रडू आलं. चौथ्या दिवशी एक-एक कुरमुरा चावून खायला लागले आणि तेवढ्यावर भागलं. ताटात कांदा मात्र दहा दिवसांत दिसला नाही. एकवीस वर्षं ज्याच्यावर संसार चालला तो दहा दिवस नव्हता आणि मला आठवलाही नाही, याची मात्र गंमत वाटली.

आंघोळीला गरम पाणी सकाळी मिळतं, पण रांग लागते. गाद्या पातळ. डिसेंबरात स्वतःची जाड शाल आणि पायमोजे न्याच. मांडी घालून बसवत नसेल तर खुर्ची मागा, देतात, आणि त्यात कमीपणा नाही. मी पाचव्या दिवसापर्यंत फुशारकीने खाली बसले आणि उजवा गुडघा घेऊन घरी आले.

आता शिकवणी. शिकवणारा आवाज ध्वनिमुद्रित आहे, सत्यनारायण गोयंका यांचा. ते २०१३ साली गेले, पण आजही सूचना आणि संध्याकाळचं प्रवचन त्यांचंच असतं. जन्म १९२४ सालचा, ब्रह्मदेशातल्या मंडालेचा, घर मारवाडी व्यापाऱ्यांचं. अर्धशिशीने हैराण झालेले. रंगूनला सयाजी उ बा खिन यांच्याकडे गेले तेव्हा, नुसती डोकेदुखी घालवायला येत असाल तर नको, असं त्यांना आधी सांगण्यात आलं होतं. पुढे ते चौदा वर्षं तिथे शिकले आणि १९६९ साली भारतात आले. त्यांचं बोलणं ऐकताना मला सारखं वाटायचं, हा माणूस आपल्या बाजारातला आहे. उदाहरणं घरातली देतो, विनोद करतो, आणि माल विकताना घासाघीस करत नाही.

पण माझं लक्ष गुंतलं ते उ बा खिन यांच्यात. ते ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते. म्हणजे सबंध देशाचे हिशेबनीस! सरकारी जमाखर्च तपासता तपासता ते ध्यान शिकवत आणि १९५२ साली त्यांनी रंगूनला स्वतःचं केंद्र काढलं. हे ऐकल्यावर मी पाठ ताठ केली. आपल्या धंद्यातलं कुणीतरी निघालं.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास. नाकपुड्या आणि वरचा ओठ, एवढ्या जागेत येणारा-जाणारा श्वास बघायचा, त्याला लांब-आखूड करायचं नाही. याला आनापान म्हणतात. ऐकायला सोपं आहे. तीन श्वास झाले की माझं मन थेट गाळ्यावर. तिसऱ्या दिवशी दुपारी मला एक पट्टी दिसली. अगदी समोर, निळ्या कार्बनची. पुरंदरकडच्या एका शेतकऱ्याची, बावीस पिशव्या कांदा, आणि मी तोलाई दोनदा वजा केलेली. तीनशे बारा रुपये कमी दिलेले. २०१९ सालचा ऑक्टोबर. माझं अक्षर, माझी सही. पेन नाही, कागद नाही, कुणाला सांगायची सोय नाही. पुढचे सात दिवस मी श्वासाबरोबर तीनशे बारा हा आकडा धरून बसले होते, विसरू नये म्हणून.

चौथ्या दिवशी दुपारी खरी विपश्यना देतात. डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवावरून मन फिरवायचं आणि तिथे जे काही जाणवेल ते नुसतं बघायचं. खाज, उष्णता, ठोके, दुखणं. छान वाटलं तरी धरून ठेवायचं नाही, वाईट वाटलं तरी ढकलायचं नाही, कारण ते बदलणारच आहे. बदलणारं म्हणजे अनिच्च. या न धरण्या-ढकलण्याला समता म्हणतात. मग दिवसातून तीन वेळा एक-एक तास हात, पाय, डोळे न हलवता बसायचं, ते अधिष्ठान. पहिल्या अधिष्ठानात माझ्या डाव्या घोट्याखाली कुणीतरी खिळा ठोकत होतं. चाळीस मिनिटं मी त्या खिळ्याशी भांडले. मग दमून भांडण सोडलं, आणि खरंच सांगते, तो खिळा सुटा सुटा झाला. आधी जळजळ, मग ठोके, मग नुसती ऊब. दुखत होतंच, पण "अरे देवा, आता पाय गेला" हे जे वर चढवलेलं होतं ते निघून गेलं. बाळंतपणात हे माहीत असतं तर बरं झालं असतं, असा विचार आला आणि हसू दाबताना अधिष्ठान मोडलं. साडेतीन तारे जे आहेत ते मुख्यतः या चाळीस मिनिटांचे.

सभागृहाबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. शंभर माणसं गप्प बसली की त्यांची पोटं बोलतात. ढेकर, उचक्या आणि बाकीचंही. दुसऱ्या दिवसापर्यंत हसू येतं, मग सवय होते.

सहाव्या दिवशी संध्याकाळी अंगभर एक धार सुरू झाली. ज्वारीचं पोतं तोंड सोडून ओतताना दाणे जसे सळसळत जातात तशी, टाळूपासून तळव्यापर्यंत. कुठे दुखणं नाही, कुठे जड नाही. इतकं सुख मला कित्येक वर्षांत झालं नव्हतं. प्रवचनात बजावलेलं असतं की याचाही हव्यास धरू नका. मी धरला. सातव्या दिवशी प्रत्येक बैठकीत तीच धार शोधत बसले, विश्रांतीच्या तासातही पलंगावर बसून शोधली.

त्या रात्री दिवे बंद झाले आणि धार बंद होईना. डोळे मिटले तरी सळसळ, उघडले तरी सळसळ. अंग कुठे संपतं आणि गादी कुठे सुरू होते ते कळेना. हात उचलून तोंडासमोर धरला तर तो माझा वाटेना, वजनकाट्यावर ठेवलेली कुणाची तरी वस्तू वाटली. छाती धडधडायला लागली. लिफ्टमधली तीच जुनी धडधड, पण लिफ्टला दार तरी असतं. मी मरतेय, किंवा मला वेड लागतंय, यांतलं एक काहीतरी नक्की, असं वाटलं. शेजारची घोरत होती. तिला हाक मारायला तोंड उघडलं आणि बोलायचं नाही हा नियम आठवून मिटलं! आता हसू येतं. तेव्हा नाही आलं.

बाहेर व्हरांड्यात येऊन बसले. किती वाजले होते माहीत नाही, घड्याळही जमा होतं. तिथे एक धम्मसेविका बाई उठून आल्या. या सेविका म्हणजे आधी शिबिर केलेल्या बायका, बिनपगारी राबतात. साठीच्या असतील, डोक्याला मफलर. त्यांनी मला काही समजावलं नाही. स्वयंपाकघरातून स्टीलच्या पेल्यात गरम पाणी आणून दोन्ही हातांत दिलं आणि म्हणाल्या, "ताई, मोजे काढा. पाय फरशीवर टेकवा. डोळे मिटू नका. समोरच्या पत्र्याच्या वळ्या मोजा." फरशी बर्फासारखी होती. मी एकशे अठरा वळ्या मोजल्या. मग परत उलट्या मोजल्या, ताळा करायला. एकशे सतरा आल्या. त्या एका वळीच्या फरकाने मला जमिनीवर आणलं. बाई म्हणाल्या, "आता झोपा, उद्या पहाटेची बैठक खोलीतच करा, नाही केली तरी चालेल." त्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सहायक आचार्यांकडे गेले. पाच मिनिटं मिळतात. मी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, जुने संस्कार, म्हणजे मनात साठलेले ठसे, वर येत आहेत, चांगलं आहे, समतेत राहा. मी म्हटलं, "समता ठेवायला मी जागेवर तर पाहिजे ना?" तेव्हा ते जरा थांबले. मग म्हणाले, सबंध शरीरावरून मन फिरवू नका, लक्ष हातापायांच्या टोकांशी ठेवा, आणि फारच झालं तर सोडून द्या, आनापानावर परत या. हा सल्ला अगदी बरोबर निघाला, त्या दिवसापासून उतार पडला. माझी तक्रार एवढीच की तो दुसऱ्यांदा विचारल्यावर मिळाला. माझ्यापुढच्या रांगेतली एक मुलगी तिसऱ्या दिवसापासून एकसारखी रडत होती. तिने दुसऱ्यांदा विचारलं असेल का, हे मला माहीत नाही. आणि आचार्यांची बाजूही लिहिते: त्यांच्यासमोर माझा अर्ज होता, आणि त्यात मी ठणठणीत होते.

दहाव्या दिवशी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात आणि मौन सुटतं. सुटल्याबरोबर बायकांच्या बाजूला असा गलका झाला की मला लिलावाची वेळ आठवली. निळ्या चपलावाली जिल्हा परिषदेत नोकरीला निघाली. सरकारी कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजा मिळते हे मला तिच्याकडून कळलं. ती म्हणाली, "तुम्ही फार घोरता हो." घ्या!

दानाचं टेबल त्याच दिवशी लागतं. मागत नाहीत, आकडा सुचवत नाहीत. ज्याने निदान एक शिबिर पुरं केलंय त्याच्याकडूनच दान घेतात, म्हणजे माझा खर्च आधीच्या कुणीतरी केलेला होता आणि माझ्या पैशांत पुढची कुणी जेवणार. माझ्या संशयाचं उत्तर तिथे मिळालं. पावती नीट होती, क्रमांक, तारीख, सही, शिक्का. मी तपासली.

अकराव्या दिवशी सकाळी घरी. रोज सकाळ-संध्याकाळ एक-एक तास बसायचं असं सांगून पाठवतात. मी शहाण्यासारखी बसले. चौथ्या दिवशी गंगाधाम चौकात सिग्नलला स्कूटीवर उभी असताना ती सळसळ परत आली. हॉर्न कानात न वाजता अंगात वाजत होते. गाळ्यावर एक हमाल पिशवी टाकताना "हूं" करून दम सोडतो, तो आवाज ऐकून मला रडू कोसळलं. शेठनी चहा मागवला आणि दुसरीकडे बघत राहिले. रात्री झोप दोन तास. केंद्रावर फोन केला. फोन नोंदणीचा होता, उचलणारा मुलगा भला होता, पण त्याच्याकडे एकच उत्तर होतं: बैठक सोडू नका. मी सोडली नाही. आणखी नऊ दिवस वाढवून घेतलं.

शेवटी ह्यांनी मला जुन्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून पहिला प्रश्न विचारला, "फॉर्ममध्ये लिहिलं होतं का?" मी पर्सची चेन उघडझाप करत बसले. त्यांनी ध्यानाला नावं ठेवली नाहीत. बसणं महिनाभर बंद, रोज तळजाईवर चालायला जा, पोटभर जेव, संध्याकाळी घरात माणसं असू देत, आणि थोड्या दिवसांसाठी झोपेची गोळी. तीन आठवड्यांत मी ठिकाणावर आले.

आमच्या सोसायटीत एक काकू आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी विद्यापीठात पालीचा अभ्यासक्रम केला. फर्ग्युसनमध्ये धर्मानंद कोसंबी १९१२ ते १९१८ पाली शिकवत होते, हे त्या कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत सांगतात. त्यांना मी ही रात्र सांगितली. त्या म्हणाल्या, "अगं, यात नवल ते काय? पाचव्या शतकात बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात हे टप्पे लिहून ठेवलेत." विसुद्धिमग्ग म्हणजे साधनेवरचा जुना पाली ग्रंथ. आधी उदय-व्यय, म्हणजे सगळं उपजताना आणि मावळताना दिसतं, प्रकाश, आनंद, हलकेपणा येतो. त्यांना तिथे उपक्लेश, म्हणजे मनाचा मळ, म्हटलंय, कारण साधक त्यालाच पोचलो समजतो. मग सगळं फुटताना, विरताना दिसतं, तो भंग. आणि त्याच्यापुढचा टप्पा भयाचा. त्यानंतर दोष दिसणं, वीट येणं, सुटावंसं वाटणं, आणि बऱ्याच पुढे सर्व संस्कारांबद्दलची, म्हणजे घडणाऱ्या-मोडणाऱ्या सगळ्याबद्दलची, उपेक्षा; ही उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, समता. काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली. वेसालीला बुद्धांनी भिक्षूंना शरीराच्या अशुभाचं ध्यान सांगितलं आणि पंधरा दिवस एकांतात गेले. परत येऊन बघतात तर संघ रोडावलेला. कित्येक भिक्षूंना देहाची इतकी किळस आली की त्यांनी जीव दिला होता. मग त्यांनी उरलेल्यांना आनापान शिकवलं. हे संयुत्त निकायात, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या एका पाली संग्रहात, आहे.

ऐकून मला धीर आला आणि रागही आला. अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट लिहून ठेवलेली आहे, मग पहिल्या संध्याकाळी नियम वाचून दाखवताना त्यातल्या दोन ओळी का नाही वाचत? मात्र माझी सातवी रात्र म्हणजे भयज्ञान होतं, असं मी म्हणणार नाही. काकूंना तसं म्हणायचा मोह झाला होता, मी हात जोडले. सात दिवसांत माणूस विसुद्धिमग्गाच्या अर्ध्यावर जात असेल तर पुण्यात रिक्षावाले मीटरनेच चालले असते. डॉक्टर म्हणतात जुनी घबराट, झोप नाही, वर दहा-दहा तास अंगावर लक्ष. मला हा हिशेब पटतो.

भाच्याने, म्हणजे माझ्या भावाच्या मुलाने, अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाचं एक संशोधन काढून दिलं, २०१७ सालचं, जेरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांचं. बौद्ध ध्यान करणाऱ्या ६० पाश्चात्त्य साधकांशी बोलून त्यांनी अवघड अनुभवांचे ५९ प्रकार नोंदवले. भीती, झोप उडणं, आवाज अंगावर येणं, आपलं अंग आपलं न वाटणं. काहींचं ते थोड्या दिवसांत गेलं, काहींचं वर्षानुवर्षं राहिलं. २०२० साली ८३ अभ्यास एकत्र तपासून आणखी एक निष्कर्ष आला, ध्यानातून त्रास झाल्याचं प्रमाण ८.३ टक्के. ते सगळ्या प्रकारच्या ध्यानांचं मिळून आहे, एकट्या अशा शिबिराचं नाही. पण माझ्या रात्रीला खतावणीत पान आहे, एवढं कळल्यावर मला त्या रात्री पहिल्यांदा गोळीशिवाय झोप लागली.

मग जावं की नाही? गुडघे दुखतात, राग फार येतो, मोबाइल सुटत नाही, यासाठी जाणार असाल तर जा, आणि खुर्ची मागा. माझी नणंद दोनदा गेली, तिला काही झालं नाही, तिचा बीपीसुद्धा शांत आहे. नुकतंच घरात कुणी गेलं असेल तर थोडे महिने थांबा. गोळ्या चालू असतील तर शिबिरासाठी म्हणून स्वतःच्या मनाने बंद करून अजिबात जाऊ नका. भाच्याचं लग्न मोडलंय आणि तो नेमका हाच बेत करत होता. "आत्या, तिथे सगळं आतून साफ होतं ना?" मी म्हटलं, "आधी डॉक्टरांना विचार, मग फरशी पुस."

तीनशे बारा रुपयांचं राहिलं. घरून परत कामाला गेले त्या पहिल्याच दिवशी २०१९ ची गठडी माळ्यावरून काढायला लावली. ऑक्टोबरच्या सगळ्या पट्ट्या पाहिल्या, मग सप्टेंबर, मग नोव्हेंबर. पुरंदरकडच्या त्या शेतकऱ्याची बावीस पिशव्यांची पट्टी सापडली. निळा कार्बन, माझं अक्षर, माझी सही. तोलाई एकदाच वजा. बाकी बरोबर. मी ती तीन वेळा तपासली, शेठ म्हणाले, "काय हरवलंय?" सात दिवस जे मी इतकं स्वच्छ पाहिलं ते झालेलंच नव्हतं. ती पट्टी मी गठडीत परत ठेवली नाही, ड्रॉवरमध्ये ठेवलीय.

आता सकाळी वीस मिनिटं बसते, नुसतं आनापान. अंगावरून मन फिरवत नाही. खोलीचं दार उघडं, बाहेर कुकरच्या शिट्ट्या. जुन्या साधकांसाठी एक दिवसाचं शिबिर असतं, त्याचा अर्ज गेल्या आठवड्यात भरला. या वेळी गोळीचं नाव, मात्रा, वर्ष, किती महिने, सातवी रात्र, नंतरचे तीन आठवडे, सगळं लिहिलं. जागा पुरेना म्हणून "इतर माहिती"मध्येही लिहिलं. परवा केंद्रावरून एका बाईंचा फोन आला. पंधरा मिनिटं बोलल्या, पहिल्या खेपेला मिळाली त्याच्या तिप्पट. घाई नाही म्हणाल्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मग बघू. चिठ्ठी आणायची आहे. डॉक्टर नातवाच्या मुंजीला सांगलीला गेलेत, सोमवारी येतील.